रोज पळा, सुट्टी नको? त्या मेसेजमधलं काय काय चुकीचं आहे

बडोद्यातल्या रनिंग ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय, मॅरेथॉनपर्यंत रोज पळा, एक दिवस बसलात की आठवड्याची मेहनत पाण्यात, पाय दुखतात ते लॅक्टिक ॲसिड, पळूनच निघेल, केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगे घेतो का सुट्ट्या, आणि फारच दुखलं तर पेनकिलर घ्या. कमाटीबागेत नवीन येणारी मुलं हे खरं धरून चाललीत म्हणून लिहितोय.

एका दिवसात मेहनत जात नाही हो. मुरलेल्या ॲथलीटनं ट्रेनिंग पूर्ण बंद केलं तरी व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, साधारण ७ टक्के उतरायला दोन-तीन आठवडे लागतात, मग एका रविवारनं काय होणार? उलट रेसआधीचे दोन आठवडे स्पीड तसाच ठेवून अंतर निम्म्यावर आणलं की टायमिंग सुधारतं, टेपर म्हणतात तो हाच.

लॅक्टिक ॲसिडचं तर सोडूनच द्या, थांबल्यावर तासाभरात ते नॉर्मलला येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात ते स्नायूंना झालेल्या बारीक इजेमुळे, आणि ती भरून यायला वेळ, जेवण आणि झोप लागते.

खरी काळजी हाडाची. ताण पडला की शरीर आधी हाडाचा थकलेला भाग पोखरून काढतं आणि मग नवीन भरतं, पोखरणं काही आठवड्यांत उरकतं पण भरायला महिने जातात, मधल्या काळात रोज आपटत राहिलात की स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक चीर. नडगीच्या हाडावरून अंगठा दाबत खाली या. वीतभर पट्टा दुखला तर बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे ताणानं आलेलं नडगीचं दुखणं, पण नेमक्या एका बोटाएवढ्या जागी कळ आली, त्या पायावर उडी मारवेना, तर पळणं बंद आणि थेट ऑर्थोपेडिककडे.

आणि आपल्याकडे नवरात्र असतं हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीच नाही! रात्री बारापर्यंत गरबा, म्हणजे तासन् तास अनवाणी उड्या, त्यात कुणाचा उपास, झोप चार तास, आणि पहाटे पुन्हा लाँग रन? गरबा हाच त्या दिवसाचा वर्कआउट धरा ना. उपास आणि पळणं लांबलं आणि मुलींची पाळी चुकायला लागली तर ते हाडांसाठी धोक्याचं लक्षण आहे, घरात लाजून गप्प बसू नका.

किपचोगेनं २०२२ साली बर्लिनला २:०१:०९ केले, म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटांच्याही आत, पण त्याचे इझी रन, म्हणजे आरामात पळायचे दिवस, किलोमीटरला चार मिनिटांच्या पुढे असतात. आपण मात्र इझीच्या दिवशीही शेजारच्याशी रेस लावतो.

पेनकिलरची ओळ सगळ्यात वाईट. घामानं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, वर दुखणं झाकलं जातं ते वेगळंच. बाकी मेसेज राहू दे, निदान ही ओळ तरी ॲडमिननी आजच्या आज ग्रुपवरून काढावी.