पहाणी वाचताना एकर की हेक्टर?

पुण्याहून कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडे राहायला येणाऱ्यांवरचा लेख वाचला; त्यात त्यांची अडचण फक्त 'बोली वेगळी' एवढ्यावर आटोपलीय. बोली महिन्याभरात कळते हो, अडतं ते कन्नड कागदावर. इथं सातबारा नाही, पहाणी, म्हणजे कर्नाटकचा जमिनीचा उतारा. क्षेत्र एकर-गुंठे-आण्यांत, ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. १-२० दिसलं की सातबाऱ्याच्या सवयीनं १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळपास ३ एकर वाचलं जातं. असतो दीड एकर! मालकाचं नाव रकाना ९, बोजा (जमिनीवरचं कर्ज वगैरे) रकाना ११ मध्ये. ११ वा कन्नड येणाऱ्याकडून वाचून घ्याच. कन्नड २, ३, ४ आपल्यासारखेच दिसतात. १ मात्र खालून उघडं वर्तुळ, घाईत शून्यच वाटतो. इथल्या सरकारी बसच्या कन्नड पाटीवरही तोच घोळ.