छठच्या आधी या

पुण्याजवळ वाघोलीच्या एका लेबर कॅम्पवर, म्हणजे बांधकाम मजुरांच्या वस्तीवर, एचआयव्ही आणि गुप्तरोगांबद्दल सांगायला आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा पत्रकं, फ्लिपचार्ट, निरोधची पाकिटं सगळं तयार होतं. वेळ सकाळी अकराची. पत्र्याच्या खोल्यांत रात्रपाळी करून झोपलेली चार पोरं आणि लेकरांपाशी थांबलेल्या काही बाया, एवढेच. पत्रकं मराठीत आणि माणसं बिहारमधल्या सिवानची, झारखंडमधल्या पलामूची, कर्नाटकातल्या कलबुर्गीची.

पुढच्या वेळी रविवारी संध्याकाळी गेलो, खर्ची, म्हणजे खर्चासाठीची उचल, वाटून झाल्यावर. या वेळी आम्ही कमी बोललो. एक वयस्कर सेंट्रिंग मिस्त्री म्हणाला, "दीदी, छठ में घर जाने से पहले जाँच हो जाए तो अच्छा. घरवाली का भी सोचना पड़ता है."

इतकी वर्षं आम्ही शिबिर घ्यायचो ते १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला. छठ हा बिहार-झारखंडकडचा मोठा सण येतो दिवाळीनंतर सहाव्या दिवशी, म्हणजे त्याच्या कितीतरी आधी. माणूस गावी जाऊन, बायकोसोबत राहून परत आल्यावर आम्ही त्याला तपासणीला बोलवत होतो! हे कुठल्याच प्रशिक्षणात मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी कोणाला विचारलं नव्हतं.

बायकांचं तर आणखी वेगळं. पुरुषांसमोर एकही बोलली नाही. नंतर पाण्याच्या टाकीपाशी एकीने हळूच सांगितलं, अंगावरून पांढरं जातं, वास येतो, मेडिकलमधून गोळ्या आणते, तेवढ्यापुरतं थांबतं. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात, तपासणी आणि औषध फुकट मिळतं, हे तिला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी एका खेपेला एक हजेरी बुडते. आणि असा आजार संभोगातून आलेला असेल तर नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. तो दुसऱ्या साइटवर. तिने एकच मागितलं: दार लागेल अशी खोली. अख्ख्या कॅम्पात तशी एकही नव्हती.

मुकादमाला मात्र तपासणी झालेल्यांची यादी हवी होती, निकालासकट. आम्ही साफ नकार दिला. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा संमतीशिवाय तपासणी करू देत नाही, निकाल फोडू देत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणं हा भेदभाव मानतो. यादी एकदा जरी बाहेर गेली, तर त्या कॅम्पात पुन्हा कोणी बोट पुढे करणार नाही.

"बाहेरचे लोक रोग आणतात" हे आपल्या सोसायट्यांमध्ये ऐकलं की मला संताप येतो. आपल्या इमारती बांधायला माणसाला दहा-दहा महिने घरापासून लांब ठेवायचं, आठ जणांना एका खोलीत कोंबायचं, दवाखान्याच्या वेळा त्याच्या कामाच्या वेळेत ठेवायच्या आणि दोष त्याच्या गावाला द्यायचा? एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधाच्या, गोळ्या रोज घेऊन विषाणू पूर्ण दबलेला राहिला, तर संभोगातून जोडीदाराला लागण होत नाही. पुण्यातल्या एआरटी केंद्रातून गावाकडच्या केंद्रात नोंदणीही हलवून मिळते. पण हे ट्रेन पकडायच्या आधी सांगायला हवं, आणि त्याच्या बोलीत.

यंदाचं वेळापत्रक कॅम्पातल्याच सहा जणांनी ठरवलंय, त्यात दोन बाया आहेत. दसरा ते दिवाळी, संध्याकाळी साडेसातनंतर. भोजपुरीत आणि कानडीत बोलणारेही त्यांच्यातलेच.

वाघोली-खराडी भागात कोणाच्या साइटवर त्या वेळेत दाराला आतून कडी असलेली एक खोली मिळत असेल, तर मला मेसेज करा.