कुंडीखालच्या राखाडी किड्यावर विष टाकू नका

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर आठवडाभर एक फोटो फिरतोय. विटेखाली सापडलेला राखाडी, खवल्याखवल्यांचा किडा आणि खाली मजकूर: 'हा विषारी किडा चावतो, लाकूड पोखरतो, झाडांची मुळं खातो. अर्धा पांढरा झाला की जास्तच विषारी. दिसताक्षणी फोरेट टाका.' तो वाचून माझ्या मावशीने तुळशीवृंदावनात टाकायला शेतावरून फोरेट या कीटकनाशकाची जुनी पुडी मागवली. म्हणून हे लिहितेय.

आधी ओळख. हा कीटक नाहीच. कीटकाला सहा पाय असतात, याला १४. नातं खेकडा-कोळंबीशी, फक्त हा कायमचा जमिनीवर आला. फोटोतल्यासारखी निळसर राखाडी पूड चढलेली, पाय फिकट, मिशांवर पांढरट पट्टे आणि डिवचलं की गोळी न होता सुसाट पळणारा, ही वर्णनं पोर्सेलिओनायडीस प्रुइनोसस या जातीची आहेत. १८३३ साली ब्रांट यांनी तिचं वर्णन केलं. आज ती जगभर पसरली आहे. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. मी एक तळहातावर घेतला तर ती पूड बोटाला लागली आणि खालची तपकिरी पाठ दिसली.

चावतो म्हणे. याला नांगी नाही, विषाची ग्रंथी नाही. जबडे कुजकी पानं कुरतडण्यापुरते. विटेखालून निघणारी आणि खरंच चावणारी ती गोम. मजकूर लिहिणाऱ्याची गल्लत तिथेच झाली असावी.

अर्धा पांढरा किडा मात्र मीही पाहिलाय, उसाच्या पाचटाखाली. पुढचा भाग राखाडी, मागचा दुधासारखा. तो कात टाकत होता. हे प्राणी कात दोन हप्त्यांत टाकतात, आधी मागची, मग पुढची. त्या वेळी अंग मऊ असतं, म्हणजे उलट सगळ्यात दुबळा तोच. शेजारी एक मादी उलटी पडली होती. तिच्या पोटाखालच्या पिशवीत पांढरी पिल्लं वळवळत होती. अंडी ती तिथेच सांभाळते, आणि ती पिशवी ओलसर राहावी लागते.

ओल हीच याची गरज. पोटाच्या मागच्या भागाखाली श्वासाचे अवयव असतात. ते सुकले की हा गुदमरतो. म्हणून कुंडी, वीट, शेणखताचा ढीग, पाचट. लाकडाचंही तेच. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या मागच्या दाराची चौकट खालून कुजली, आणि फटीत हे दिसल्यावर सगळ्यांनी यांनाच दोष दिला. पण चौकट पुराच्या पाण्याने कुजली होती. वाळवी धड लाकूडही खाते. हा फक्त कुजलेलं खातो. घरात दिसला तर नळ कुठे गळतोय ते शोधा.

मुळांबद्दलच्या दाव्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगते. खायला कुजकं काही नसेल तर हा कोवळी रोपं किंवा जमिनीला टेकलेलं फळ कुरतडतो. रोपाच्या देठाला पाचट भिडवू नका, फळाखाली कोरडा पेंढा घाला, एवढं पुरतं. मोठ्या झाडाची मुळं खाऊन झाड मेलं, असं याच्याकडून होत नाही. पाचट बारीक करून मातीत मिसळायचं काम मात्र हा गांडुळाच्या बरोबरीने करतो.

आणि उपाय काय सुचवलाय, तर फोरेट! त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, आणि ती उगीच नाही. ते माणसालाही मारतं, झाड ते मुळांतून पानांपर्यंत ओढून घेतं. त्याच तुळशीची पानं मावशी रोज चहात घालते.

वृंदावनामागची वीट आम्ही दोघींनी होती तशी परत ठेवली. पुडी अजून परसात, पत्र्याच्या डब्यात बंद आहे. तिचं काय करायचं ते सोमवारी कृषी सहायकांना विचारायचंय.