वर्षाखाली खूण नाही म्हणून नाणं लाखाचं होत नाही

गेल्या आठवड्यात मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला आणि पाठोपाठ एक फोटो. आजीच्या डब्यातले राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेले चांदीचे रुपये, रांगोळी आणि चिंचेने घासून पांढरेशुभ्र केलेले. व्हिडिओतल्या माणसाने तसंच करायला सांगितलं होतं. त्याचं म्हणणं असं : टांकसाळीत चूक झालेली नाणी रिझर्व्ह बँक लाखो रुपयांना विकत घेते. वर्षाखाली खूण नसेल, अक्षर वेगळं असेल, दोन्ही बाजू सारख्या असतील किंवा नाण्यावर वैष्णोदेवी असेल, तर नाणं घासा, फोटो पाठवा आणि नोंदणीचे पैसे भरा. शेतात सापडलेली नाणी असतील तर कुणाला सांगू नका.

वर्षाखाली खूण नसलेलं नाणं म्हणे टांकसाळ खूण उमटवायला विसरली म्हणून ‘दुर्मीळ’! खिशातली चिल्लर काढून बघा. वर्षाखाली बर्फीच्या आकाराची हिऱ्याची खूण असेल तर ते नाणं मुंबईचं, पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं, कारण कोलकाता टांकसाळ आपल्या नाण्यांवर खूण घालतच नाही. म्हणजे हा माणूस एका अख्ख्या टांकसाळीचं रोजचं उत्पादन चूक म्हणून खपवतोय. व्हिडिओत त्याने बोटात धरलेलं नाणं आपल्या वाण्याच्या गल्ल्यात ढिगाने सापडेल. ज्याला एवढंही माहीत नाही, त्याच्या सांगण्यावरून लोक घरातले जुने डबे उपसतायत.

आता पैशाचं. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी पत्रक काढून स्वच्छ सांगितलंय : जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही नाही, त्यासाठी कसलंही शुल्क, कमिशन किंवा कर आम्ही मागत नाही, आणि असं काही आमच्या नावाने गोळा करण्याचा अधिकार कुठल्याही संस्थेला किंवा व्यक्तीला दिलेला नाही. या एका पत्रकावर अख्खा व्हिडिओ निकालात निघतो. नाणं विकणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे, हा कुठला व्यवहार? नोंदणी भरली की जीएसटी मागतात, मग कुरिअरचा विमा. नाण्याचे पैसे कधीच येत नाहीत.

मला खरा राग आहे तो ‘घासा’ या सल्ल्याचा. भरलेले पैसे गेले तर गेले, निदान तक्रार तरी करता येते. घासलेलं नाणं परत पहिल्यासारखं होत नाही. मावशीच्या एका रुपयावर 1862 साल आहे. हे साल गमतीचं आहे : 1862 पासून 1873 पर्यंत पाडलेल्या रुपयांवर 1862 हेच साल राहिलं, बदलतं साल 1874 पासून आलं. मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर मात्र सालाजवळ बारीक ठिपके सापडतात, कुठे एक, कुठे जास्त. ते नाणं प्रत्यक्षात कोणत्या वर्षी पाडलं याची ती खूण आहे, असं अभ्यासक मानतात. संग्राहक भिंग लावून हेच ठिपके मोजतात, राणीच्या पोशाखातला आणि वेलबुट्टीतला फरक बघतात, त्यावरून ठशाचा प्रकार ठरवतात आणि भावही त्यावरच ठरतो. मावशीच्या रुपयावर आता सालाखाली नुसता एक फिकट उंचवटा उरलाय, आणि राणीच्या गालावर रांगोळीचे आडवे ओरखडे. दीडशे वर्षांत चांदीवर चढलेला काळसर थर म्हणजे मळ नव्हे. नाणं घासलेलं नाही याचा तोच पुरावा असतो.

‘वेगळं अक्षर म्हणजे चूक’ हेही तसंच अर्धवट. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, बघा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, पण ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे कुठे ‘सीव’, कुठे ‘छत्रपती’, कुठे अक्षर काठाबाहेर गेलेलं. शिवराईच्या अभ्यासाची सगळी गोडी या फरकांत आहे. पण असे प्रकार पुष्कळ आहेत, आणि साध्या प्रकाराची शिवराई आजही सामान्य माणसाला परवडते.

वैष्णोदेवीचं नाणं 2012 सालचं, देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचं. वापरासाठीच काढलेलं होतं. त्यात चूकही नाही आणि लाखही नाहीत.

दोन्ही बाजू सारख्या असलेलं नाणं बहुतेक वेळा दोन नाणी कापून जोडलेलं असतं, जादूगार वापरतात तसलं. पण इथे एक गोष्ट मान्य करावी लागेल : टांकसाळीच्या खऱ्या चुका असतात आणि त्यांना पैसेही मिळतात. पाडलेलं नाणं ठशातच अडकलं आणि त्यावर पुढची कोरी चकती आली, तर तिच्या एका बाजूला तेच चित्र उलटं आणि खोलगट उमटतं. संग्राहक त्याला ‘लखी’ म्हणतात. मात्र दोन नाणी शिकंजात दाबून नकली लखीही करतात. त्यात मागची बाजू चेपलेली दिसते, म्हणून आधी नाणं उलटून बघायचं.

1911 चा पंचम जॉर्जचा रुपयाही खरा किस्सा आहे. राजाच्या अंगावरच्या पदकमाळेतल्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात नाराजी पसरली, नाणं मागे घेतलं गेलं, बरीचशी वितळवली, आणि 1912 पासून नव्या ठशात सोंड नीट दिसू लागली. एवढा गाजलेला ठसा, तरी चांगल्या अवस्थेतल्या नाण्यालाही भाव सहसा हजारांतच मिळतो.

राहिलं शेतात सापडलेल्या नाण्यांचं. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर कलेक्टरला कळवावं लागतं, असा 1878 चा निखात निधी कायदा आहे, आणि लपवणाऱ्याला त्यात शिक्षेची तरतूद आहे. ‘कुणाला सांगू नका’ म्हणणारा माणूस तुमच्याकडून पैसेही उकळतोय आणि गुन्हाही करवून घेतोय. हंडा सापडला तर हात न लावता आधी तहसील कार्यालयात कळवा. आणि घरातली नाणी विकायचीच असतील तर न धुता, काठाला धरून, दोन वेगवेगळ्या जाणकारांना दाखवा.