‘इतकं गुळगुळीत कॅलेंडर कुठल्या जगात असतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वही उघडली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी माझ्या रोल-प्लेइंग गेमच्या (टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायची) जगाचं कॅलेंडर मांडलं होतं: 30 दिवसांचे बारा महिने, चंद्राचं चक्रही नेमकं 30 दिवसांचं, म्हणून पौर्णिमा कायम पंधरा तारखेला, सात दिवसांचा आठवडा आणि सहा सण. तुमचं म्हणणं असं की खऱ्या आकाशात कुठलाच भागाकार पूर्ण जात नाही, मग इथेच सगळं कसं जमतं? शिवाय 360 ला 7 ने भाग जात नाही हेसुद्धा मी पाहिलेलं नाही. आणि सण तर ‘ओळखीच्या सणांना दिलेली टोपणनावं’ आहेत. उपाय म्हणून तुम्ही 27.3 आणि 41.7 दिवसांचे दोन चंद्र आणि 391.4 दिवसांचं वर्ष सुचवलंत.

सातचा भागाकार चुकला, मान्य. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

दोन चंद्रांबद्दल मात्र आधी एक किस्सा ऐका. माझ्या आधीच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत, दोन चंद्र होते, दोघांची चक्रं दशांश चिन्हासकट. स्प्रेडशीट इतकी देखणी केली होती की ती कुणाला दाखवायची संधी मी शोधत असायचो. ती एका सेशनला मिळाली. गटातल्या एका पात्राला शाप होता, दोन्ही चंद्र एकाच रात्री पूर्ण झाले की त्याचा लांडगा व्हायचा. खेळाडूने विचारलं, “मग माझ्याकडे किती दिवस आहेत?” मी लॅपटॉप उघडला. आजची तारीख कुठल्या रांगेत आहे तेच सापडेना. मान वर केली तेव्हा एकजण फोनमध्ये होता, दुसरी फाशांचा मनोरा रचत होती आणि ज्याचा लांडगा होणार होता तो पाणी प्यायला उठून गेला होता. शेवटी मी ठोकून दिलं, “तेरा दिवस.” खरा आकडा मी आजतागायत पाहिलेला नाही आणि कुणी विचारलेलाही नाही. अख्खी स्प्रेडशीट मी एकट्यासाठी केली होती, हे त्या रात्री कळलं.

म्हणून पुढच्या कॅलेंडरला एकच अट घातली: टेबलवर बसलेल्या कुणालाही पुढची पौर्णिमा बोटांवर मोजता आली पाहिजे. ही अट मी आजही सोडणार नाही. पण तिच्या नादात मी सगळाच खडबडीतपणा घासून टाकला, आणि तुमचं बोट नेमकं तिथे पडलं.

कारण सण मुळात त्या न जाणाऱ्या भागाकारातूनच निघतात. आपल्या पृथ्वीवर पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत सरासरी 29.53 दिवस लागतात आणि ऋतूंचं वर्ष 365.2422 दिवसांचं. बारा चांद्रमासांचे 354 दिवस होतात, म्हणजे सूर्यापेक्षा अकरा कमी. हे अकरा दिवस कुठे ढकलायचे, या एका प्रश्नाची माणसांनी किती वेगवेगळी उत्तरं दिली! बाबिलोनी लोकांनी 19 वर्षांत सात अधिक महिने घातले, म्हणजे एकूण 235 चांद्रमास, आणि हिशेब बऱ्यापैकी जुळवला. इस्लामी कालगणनेने अधिक महिना नाकारला, त्यामुळे तिचे महिने साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. इजिप्तने चंद्राचा नाद सोडून 30 दिवसांचे बारा महिने घेतले आणि उरलेले पाच दिवस शेवटी जोडले, कुठल्याही महिन्यात न घालता. माया लोकांच्या हाब वर्षात 20 दिवसांचे अठरा महिने आणि वर पाच दिवस, तेही अशुभ मानलेले. माझ्या 360 मध्ये उरतच काही नव्हतं, मग सणाला जागा कुठून मिळणार? म्हणून ते चिकटवलेले दिसतात. तुमचा टोपणनावांचा टोमणा लागला तो यामुळे.

आता दुरुस्ती. महिने तेच ठेवले, बारा गुणिले तीस. वर्षाअखेरीस कुठल्याच महिन्यात नसलेले चार दिवस जोडले. माझ्या जगातले लोक त्यांना ‘बेवारस दिवस’ म्हणतात. एकूण 364. चंद्राचं चक्र 28 दिवसांचं केलं. आता गंमत बघा. पहिल्या महिन्यात पौर्णिमा एक तारखेला आणि परत एकोणतीसला. दुसऱ्यात सत्तावीस, तिसऱ्यात पंचवीस, असं दर महिन्याला दोन-दोन दिवस मागे येत बाराव्यात सात तारखेला. तिथून 28 दिवस मोजा, मधले चार बेवारस धरून, की नव्या वर्षाची एक तारीख. ‘दर महिन्याला दोन वजा’ एवढा नियम खेळाडूंनी लक्षात ठेवायचा, बस्स. वर्षात तेरा पौर्णिमा होतात आणि दोन पौर्णिमांचा महिना एकच, पहिला. दोन पौर्णिमांच्या महिन्याचा हा सण मी शोधला नाही, गणितानेच हातात दिला. आणि 364 ला सातने भाग जातो, म्हणजे प्रत्येक तारखेचा वार कायमचा ठरलेला. या वेळी तपासलंय.

तुम्ही म्हणाल, हेही गुळगुळीतच झालं. थांबा. या जगाचं ऋतूंचं वर्ष 364 नाही, 365 दिवसांचं आहे. कॅलेंडर मंदिराने बसवलं, त्यांना चंद्र आणि तारखा जुळायला हव्या होत्या, सूर्याशी देणंघेणं नव्हतं. म्हणजे दर वर्षी सगळे सण ऋतूच्या मानाने एक दिवस आधी येतात. माझी गोष्ट कॅलेंडर सुरू झाल्यानंतर 91 वर्षांनी घडते. 91 दिवस, पाव वर्ष! कापणीचा सण आता पीक गुडघाभर हिरवं असताना येतो. लोक दारावर गेल्या वर्षीचा कडबा पिवळा रंगवून टांगतात आणि कोपऱ्यावरची म्हातारी म्हणते, तिच्या आजीच्या वेळी खऱ्या ओंब्या असायच्या. खेळाडूंना यात काहीही मोजायचं नाही. रंगवलेला कडबा तेवढा दिसतो, आणि कुणीतरी विचारतंच, “असं का?”

हे मी हवेतून आणलेलं नाही. इजिप्तचं 365 दिवसांचं वर्ष दर चार वर्षांनी एक दिवस सरकायचं. इसवी सनपूर्व 238 मध्ये तिथल्या तिसऱ्या टॉलेमी राजाच्या काळात दर चार वर्षांनी एक दिवस वाढवायचा हुकूम निघाला, दगडावर कोरला गेला, पण रूढ झाला नाही. रोममध्ये अधिक महिना घालायचा की नाही हे पुरोहितमंडळ ठरवायचं, आणि त्या निर्णयावर कुणाचं पद किती दिवस टिकणार हे अवलंबून असायचं. घोळ इतका साचला की सीझरला इसवी सनपूर्व 46 हे वर्ष 445 दिवसांचं करावं लागलं. वर कहर म्हणजे तो गेल्यावर ‘दर चौथ्या वर्षी’चा अर्थ पुरोहितांनी चुकीचा लावला आणि लीप दिवस तीन वर्षांनी घालत बसले. पुढे सम्राट ऑगस्टसला ते निस्तरावं लागलं. एवढं सगळं समोर असताना आपण काल्पनिक जगात राक्षस शोधत फिरतो! माझ्या जगात आता शेतकऱ्यांना एक दिवस वाढवून हवाय, मंदिराला नकोय कारण पौर्णिमा तारखेवरून हलेल, आणि सावकार दोन्हीकडून ऐकून घेतायत, कारण वर्ष लांबलं तर व्याजाचं काय हे त्यांचं त्यांनाच ठरवायचंय.

सातचाच आठवडा का, हा तुमचा उपप्रश्न. खरं सांगायचं तर सवयीने. सातला आकाशात धड आधार नाही. रोममध्ये बाजाराचं चक्र आठ दिवसांचं होतं, जावामध्ये पाच दिवसांचं आहे, नायजेरियातल्या इग्बो लोकांत चार दिवसांचं. पण बदलताना जपून. फ्रान्सच्या क्रांतिकारकांनी 1793 मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला, म्हणजे सुट्टी सातऐवजी दहा दिवसांनी. 1805 संपता संपता अख्खं कॅलेंडर गुंडाळलं गेलं. सोव्हिएत संघाने 1929 मध्ये पाच दिवसांचा आठवडा केला, कामगारांचे रंगांवरून पाच गट पाडले आणि प्रत्येक गटाची सुट्टी वेगळी. नवऱ्याचा रंग एक, बायकोचा दुसरा, घरात एकत्र सुट्टीच नाही. 1931 मध्ये सहावर आले, 1940 मध्ये परत सातवर. याउलट ब्रिटनने 1752 मध्ये 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर घेतला, पण बुधवारनंतर गुरुवारच ठेवला. वाराला हात लावला नाही. तेव्हा माझा सातचा आठवडा राहू दे. कधी दुसरा आकडा घेतलाच, तर तो बाजाराला जाऊन यायला किती दिवस लागतात त्यावरून.

सहापैकी चार सण काढून टाकले. दीपोत्सव गेला, वीरदिन गेला, बाकीचे दोन तर मलाच आठवत नव्हते. सण रचताना आता मी एवढंच विचारतो की त्या दिवशी काय बंद असतं. मिरवणूक आणि पताका खेळाडू ऐकतात आणि विसरतात, पण वेशीचा दरवाजा बंद म्हटलं की कान टवकारतात. रोमच्या सॅटर्नेलिया या सणात न्यायालयं बंद असत आणि मालक-गुलामांच्या भूमिका काही काळ उलटत. गोष्ट तिथेच तयार आहे.

नवं कॅलेंडर गेल्या सेशनला टेबलवर आणलं. बेवारस दिवसांना तारीख नाही, म्हणून त्या दिवसांत करार होत नाहीत, व्याज चढत नाही, असं मी सहज सांगून गेलो. चोराचं पात्र खेळणारी मुलगी कागदावर काहीतरी गिरवत होती. ती थांबली. “तारीख नाही म्हणजे तक्रारही लिहून घेता येणार नाही ना?” मी म्हटलं, “अं... नाही.” टेबलवर दोन क्षण कुणी बोललं नाही. मग सगळ्यांनी एकदमच शहराचा नकाशा पुढे ओढला. चार दिवसांच्या दरोड्याचा बेत अजून चालू आहे, आणि पाचव्या दिवशी कोतवाल काय करणार हे मला अजून सुचलेलं नाही.

तुमचे दोन चंद्र मी घेत नाही. पण ते 391.4 दिवसांचं कोष्टक खरंच तयार असेल तर पाठवा. मंदिरातून हाकललेला एक ज्योतिषी माझ्याकडे आहे, तो असलंच काहीतरी काखेत घेऊन हिंडत असतो.