‘मॅडम, किळस येते का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कानातले घेताना काय बघावं, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर धुळ्याच्या एका ताईंची प्रतिक्रिया आली. पाच-सहा ओळींचीच आहे, पण दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून तिथे खाली न लिहिता इथे सविस्तर लिहिते. ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. दुकानात किंवा यात्रेत टॉप्स पसंत करताना भोकात घालून बघू नका, कानाशी धरून आरशात बघा. घरी आणले की दांडी आणि फिरकी स्पिरिटने पुसा, मगच घाला. एवढंच म्हटलं होतं.

ताई लिहितात : ‘मॅडम, शहरात राहून तुम्हाला खेड्यातल्या बायांची किळस यायला लागली वाटतं. आमच्या आज्या एकमेकींचे कानातले घालत होत्या, कोणी मेलं नाही. मोत्याला स्पिरिट लावायचं कोणी सांगितलं? आणि सगळी शिकवण गिऱ्हाइकालाच. दुकानदाराने ट्रे पुसू नये का? त्याच्यावर एक ओळ नाही.’

मोत्याचं मान्य. चूक माझीच. मोती नाजूक, स्पिरिटने त्याची झळाळी जाते. मोत्याची कुडी असेल तर मोती नुसत्या ओलसर मऊ फडक्याने पुसावा आणि स्पिरिटचा बोळा फक्त दांडीवरून फिरवावा. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी कबूल करते, सगळेच करतात असं नाही.

आता ती किळस. अख्ख्या लेखात हा शब्द नाही. ‘खेडं’ही नाही. मी दोनदा वाचून पाहिलं. मग तो आला कुठून? तुमच्या मनातून आला, ताई, आणि माझ्या नावावर खपवला गेला.

आणि ते ‘मॅडम’! आपल्याकडे मॅडम कोणाला म्हणतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. बँकेतल्या, पंचायत समितीतल्या, बाहेरून बदलून आलेल्या बाईला. मी अमळनेरची. लग्न होऊन जळगावला आले, म्हणजे त्याच सुरत-भुसावळ लाइनवर थोडी पुढे सरकले. त्याला परदेश म्हणायचं असेल तर म्हणा.

माझ्या आईचं कटलरीचं दुकान होतं. टिकल्या, रिबिनी, बांगड्या, खोटे दागिने. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरली की बोरीच्या पात्रात आमचं पाल लागायचं, आणि माझं काम ठरलेलं होतं : गोणपाटावर बसून गिऱ्हाइकापुढे आरसा धरायचा. त्यातला एक झुमक्यांचा जोड अजून डोळ्यांपुढे आहे. लाल खडा, खाली बारीक घुंगरू. एका संध्याकाळी तो किती कानांत जाऊन आला असेल, देव जाणे. एका बाईचं भोक बुजत आलं होतं. तिने हूक दाबून, पिळून आत घातला, आरशात मान इकडे वळवली, तिकडे वळवली, ‘महाग शे’ म्हणाली आणि काढून माझ्या हातात दिला. हुकाच्या वाकावर रक्ताचा ठिपका होता, मोहरीएवढा. तिने पदराने कान टिपला, मी फ्रॉकला हूक पुसला आणि जोड परत पुठ्ठ्यावर टोचला. पुढची बाई हात पुढे करून उभीच होती.

यात्रा उठली. तो जोड काही खपला नाही, म्हणून आईने मलाच दिला. केवढा आनंद! चौथ्या दिवशी कानाची पाळी टम्म सुजली, सकाळी उठले तर कान उशीला चिकटलेला. आजी बघून म्हणाली, ‘माय व! तुना कानले काय व्हयनं?’ हळद-खोबरेल झालं, भोकात कडुनिंबाची काडी झाली. शेवटी पू काढायला डॉक्टरकडे नेलं. उजव्या कानाचं भोक आजही तिरपं आहे, जड काही घातलं की खाली ओढतं. तेव्हा किळस यायचीच असेल तर मला स्वतःची यायला हवी. तो हूक फ्रॉकला पुसून परत लावणारे हात माझेच होते. हे सगळं लेखात लिहिलं नव्हतं, कारण लेख कानातल्यांवर होता, माझ्यावर नाही. तुम्ही लिहायला लावलंत.

आज्यांविषयी. आज्या काय घालत होत्या ते तरी आठवा. सोन्याच्या कुड्या, बुगड्या. २२ कॅरेट म्हणजे जवळपास ९२ टक्के सोनं, वर थोडं तांबं-चांदी. आणि एकमेकींचे म्हणजे कोणाचे, तर जावेचे, नणंदेचे. यात्रेतल्या दोनशे अनोळखी कानांतून फिरलेले नव्हे. आज पन्नास-शंभर रुपयांच्या टॉप्सच्या मुलाम्याखाली कोणता धातू आहे, हे बऱ्याचदा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यात निकेल असलं आणि आपल्या मे महिन्याच्या घामात कान भिजला, की ते निकेल सुटून कातडीत उतरतं. मग खाज, लाली, पाणी. हा संसर्ग नव्हे, ही ॲलर्जी. ती एकदा जडली की बहुधा जन्मभराची, आणि तिला स्पिरिटचा उपयोग नाही. धातूच बदलावा लागतो. (बायका या दोन्हींची गल्लत करतात, आणि कान चिघळला की दोष सोनाराला देतात.) युरोपात टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दांडीतून निकेल किती सुटलेलं चालेल याला कायद्याचीच मर्यादा आहे : चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅम. ही मर्यादा काही त्यांना तुमच्या-माझ्या आज्यांची किळस आली म्हणून घातलेली नाही.

‘कोणी मेलं नाही’ हे माप मला कधीच कळलेलं नाही. मेल्यावरच काळजी घ्यायची का? हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातसुद्धा, किमान ७ दिवस टिकतो. टॉप्स घालून पाहिले की कावीळ होते, असं मी म्हटलं नव्हतं आणि आताही म्हणत नाही. जुन्या, पक्क्या भरलेल्या भोकाला धोका थोडाच असतो. पण नुकतेच कान टोचलेली पोरगी आईसोबत खरेदीला येते आणि आधी तीच हात घालते. पाळीचं भोक भरायला ६ ते ८ आठवडे लागतात, वरच्या कुर्चेला टोचलं असेल तर कित्येक महिने. तिच्यासाठी ‘भोकात घालून बघू नका’ ही ओळ होती. तुम्ही वाचलीत की नुसती चाळलीत?

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. तुम्ही माझे टोचायला निघालात, हरकत नाही. पण सुई तरी स्वच्छ असावी.

राहिलं दुकानदाराचं. तो वेगळा विषय आहे, कधीतरी लिहीन. जागेचं भाडं, वळवाच्या पावसाचा घोर, मांडीवर पोर, समोर पंधरा बाया, अशात प्रत्येक जोड पुसत बसायला हात किती लागतात, हे पाल टाकणाऱ्यालाच कळतं. बोलणं सोपं असतं. आणि माझ्या भावाचं दुकान आजही चालू आहे म्हणून मी त्या बाजूने लिहिलं नाही, असं कोणाला वाटत असेल तर ते साफ चुकीचं आहे.

ताई, तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, आहे तशी आहे. पुढच्या वेळी मॅडम तेवढं नको. काल भावाला फोन केला तेव्हा सहज विचारलं, टॉप्सच्या ट्रेशेजारी स्पिरिटची बाटली आणि कापूस ठेवशील का. तो म्हणाला, ‘ठेवतो, पण गिऱ्हाईक बाटली बघून म्हणेल, यांच्या मालाने कान पिकतात वाटतं.’ त्याचंही तसं खोटं नाही.