हरणं मारण्याआधी मोजा

गावी फोन केला की पिकापाण्याची चौकशी हरणांवर येऊन थांबते. कोवळी ज्वारी, हरभरा, तूर कळप रातोरात फस्त करतो, माणसं जागलीला शेतात झोपतात, आणि शेवटी मागणी एकच: केंद्राने एकदाची मारायची मोकळीक द्यावी. मी राहतो त्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हा अधिकार राज्याच्या गेम कमिशनकडे, म्हणजे शिकार आणि वन्यप्राण्यांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे आहे. त्याचा कारभार पाहून माझं मत पक्कं झालंय, की अधिकार राज्याकडेच हवा. पण मोजणी आणि जाब विचारायची सोय नसेल, तर नको.

१९०० च्या सुमारास इथली हरणं जवळपास संपली होती. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या कमिशनने १९०६ पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं आणून सोडली. लांडगे आधीच नाहीसे झालेले, त्यामुळे पुढे हरणं इतकी माजली की जंगलात ओकची रोपं वर येईनात. आता विभागवार आकडे ठरतात. मारलेल्या हरणांचं वय, जंगलाची नवी वाढ, रोगाचा फैलाव पाहून माद्यांचे परवाने दरवर्षी जाहीर सभेत मंजूर होतात. २००० नंतर माद्या कमी करायचं ठरलं तेव्हा शिकारीच खवळले. कमिशनचे शास्त्रज्ञ गॅरी आल्ट गावोगाव सभा घेऊन कारणं सांगत फिरले, धमक्याही सोसल्या. मला या सगळ्यात हेच सर्वांत मोलाचं वाटतं. अधिकार हातात असलेला माणूस लोकांपुढे उभा राहून उत्तर देत होता.

इथेही एक फट आहेच. पाळीव हरणांचे कळप कृषिखात्याच्या अखत्यारीत आहेत. हरणांना झिजवून मारणाऱ्या रोगाची राज्यातली पहिली लागण २०१२ मध्ये अशाच एका पाळीव हरणात सापडली. एकाच प्राण्याचे दोन धनी असू नयेत.

आपल्याकडे अधिकार अगदीच नाही असं नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ नुसार उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रोही (नीलगाय) आणि रानडुकरांना मारायची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. काळवीट मात्र सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूची १ मध्ये, पिकासाठी त्याला हात लावता येत नाही, आणि ते तसंच राहावं. बिहारमध्ये केंद्राने मोकळीक दिल्यावर २०१६ साली मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून जास्त रोही मारले. चारा-पाणी तेच राहिलं की उरलेला कळप पुन्हा वाढतो. अशी एकदाची मोहीम शेतकऱ्याला काय देणार?

बुद्धपौर्णिमेला आपण पाणवठ्यांवर प्राणी मोजतो, पण ते अभयारण्यांत. ज्या शिवारात पीक जातं तिथे किती जनावरं आहेत? इथल्यासारखी हौशी शिकाऱ्यांची फौज मला महाराष्ट्रात मुळीच नको. बंदूक चाललीच तर ती वनखात्याच्या प्रशिक्षित माणसाच्या हाती असावी. शिवाय आपल्या माळरानांवर लांडगा अजून टिकून आहे. तो हरणांचा नैसर्गिक शत्रू, आणि माळावर झाडं लावून आपण त्याचंच घर मोडतो.

सोलापूर, बीड, वाशीम अशा जिल्ह्यांत वनखात्याने ग्रामसभांना सोबत घेऊन यंदाच शिवारातली गणना सुरू करावी. आकडे गावात वाचून दाखवावेत. किती पकडून हलवायचे, किती मारायचे, हे त्यानंतर ठरवावं.